उद्योगातील तज्ज्ञ आणि अभियांत्रिकीचे अध्यापन : श्रीपूरच्या साखर-उद्योगाच्या आधारे

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास चार भांड्यांच्या इव्हॅपोरेटरचे गणित अंतिम वर्षात येण्यापूर्वीच करता येते. रसाचा ब्रिक्स १५, पाकाचा ६०, वाफेचा दाब अमुक, उष्णता-संक्रमणाचा गुणांक अमुक, एवढे दिले की तापनपृष्ठाचे क्षेत्रफळ काढावयाचे. ह्या गणितात गुणांक दिलेला असतो आणि क्षेत्रफळ शोधावयाचे असते. साखर कारखान्यातील अभियंत्याची स्थिती नेमकी उलट असते. क्षेत्रफळ त्याच्यापुढे पोलादात घडविलेले उभे असते. गुणांक मात्र नळ्यांवर चढणाऱ्या थरामुळे दिवसेंदिवस उतरत जातो, आणि त्याला ठरवावयाचे असते ते हे की, गाळप थांबवून भांडी आज धुवावयाची की आणखी चार दिवस तशीच चालवावयाची. सूत्र एकच, परंतु एका ठिकाणी ते उत्तर देते आणि दुसऱ्या ठिकाणी ते निर्णयाचे केवळ एक साधन ठरते. विद्यापीठीय अध्यापनात उद्योगातील तज्ज्ञांचा सहभाग असावा, असे जे आज सर्वत्र सांगितले जाते, त्याचा खरा अर्थ ह्या दोन स्थितींमधील अंतरात शोधावयास हवा.

प्रत्यक्षात ह्या सहभागाला जे रूप आले आहे ते बहुतांशी समारंभाचे आहे. सत्रात एखादा दिवस ठरतो, कारखान्याचे किंवा कंपनीचे वरिष्ठ अधिकारी येतात, शाल-श्रीफळ होते, तासभर कारखान्याची क्षमता व प्रगती चित्रांसह सांगितली जाते, दोन प्रश्न विचारले जातात आणि अहवालात एका ओळीची भर पडते. अशा व्याख्यानांचा उपयोग मुळीच नाही असे नव्हे. उद्योगाची तोंडओळख त्यांतून होते. परंतु अध्यापन म्हणजे ओळख करून देणे नव्हे. ज्या विषयाच्या परीक्षेत व्याख्यात्याचा प्रश्न नाही, ज्याच्या पाठ्यक्रमाच्या आखणीत त्याचे मत घेतलेले नाही आणि ज्याच्या उत्तरपत्रिका त्याच्यापुढे कधी येत नाहीत, त्या विषयाचा तो अध्यापक होत नाही. पाहुणा हा पाहुणाच राहतो.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभ पाहता ही दरी जन्मजात नाही, हे ध्यानात येते. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये निघाले ते सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याच्या हेतूने. तेव्हा शिकविणे आणि बांधणे ह्या दोन व्यवसायांत आजच्यासारखी भिंत उभी नव्हती. मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग स्थापन केला. तोही उद्योगाच्या गरजेतूनच निघाला होता, आणि आरंभीच्या काळात तेथे कापड-रसायनाला प्रमुख स्थान होते, ते मुंबईच्या गिरण्या जवळच होत्या म्हणून. उद्योगातील मंडळींना शिकविण्यास बोलावण्याची रीत त्या संस्थेत मुरलेली आहे. पुढे पदवी-शिक्षण जसजसे विस्तारले आणि महाविद्यालये उद्योगांपासून दूर, केवळ जागा मिळेल तेथे, उभी राहू लागली, तसतशी अध्यापकाची पात्रता पदव्यांनी व शोधनिबंधांनी मोजली जाऊ लागली. ही मोजणी चुकीची आहे असे म्हणता येत नाही. मात्र तिच्यात ज्याची नोंदच होत नाही असे पुष्कळसे ज्ञान बाहेर राहिले.

ह्याच प्रश्नाला अमेरिकेत दोन निराळी उत्तरे शोधली गेली. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर ह्यांनी १९०६ मध्ये वर्ग व कारखाना आलटून-पालटून करण्याची पद्धत सुरू केली. तिच्यात विद्यार्थी हा काही काळ सरळ कामगारच होई. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये विल्यम वॉकर आणि औद्योगिक सल्लागार आर्थर लिट्ल ह्यांच्या कल्पनेतून १९१६ मध्ये रासायनिक अभियांत्रिकीची जी ‘प्रॅक्टिस स्कूल’ निघाली तिचे वैशिष्ट्य निराळे होते. तेथे कारखान्याच्या आवारातच विद्यापीठाचे केंद्र असे, आणि विद्यापीठाचा अध्यापक त्या केंद्रावर राहत असे. भारतात पिलानीच्या संस्थेने १९७३ पासून ह्याच नावाने जी योजना चालविली तिचाही गाभा हाच आहे. तज्ज्ञाला वर्गात आणावयाचे, की अध्यापकाला कारखान्यात न्यावयाचे, असा हा पर्याय नाही. यशस्वी ठरलेल्या प्रयोगांत दोघे एकाच कामावर एकत्र आलेले दिसतात. सोलापूर जिल्ह्यातील एका साखर-केंद्राच्या संदर्भात हे एकत्र येणे कोणत्या स्वरूपाचे असू शकेल, ह्याचा येथे विचार केला आहे.

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव साखरेमुळेच नावारूपास आले. १९३२ मध्ये साखर-उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशातील कारखान्यांची संख्या थोड्याच वर्षांत तिसाच्या आसपासून सव्वाशेच्या पुढे गेली. ह्याच लाटेत नीरेच्या कालव्यांखालील उसाच्या भरवशावर दक्षिण महाराष्ट्रात कारखाने निघाले. शेजारच्या माळीनगरला सासवडकडील माळी शेतकऱ्यांनी आपला कारखाना उभा केला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, जेथे पुढे साखरेची यंत्रसामग्रीच तयार होऊ लागली. आणि चंद्रशेखर आगाशे ह्यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपूरला आला. आज श्रीपूर येथे पांडुरंग सहकारी साखर कारखान्याचे गाळप होते. म्हणजे खाजगी भांडवल आणि सहकार हे दोन्ही अध्याय ह्या एका गावाने पाहिले आहेत. जिल्ह्यात सोलापूरला १९८३ पासून आणि पंढरपूरजवळ गोपाळपूरला १९९८ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत; जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ २००४ मध्ये झाले. साखरतंत्रज्ञांची स्वतःची ज्ञानपरंपराही जुनी आहे. डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन १९३६ पासून अस्तित्वात आहे, आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून. तंत्रज्ञांच्या अधिवेशनांत वाचले जाणारे निबंध हे खरोखर अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गाचे साहित्य आहे. तथापि सामान्य यांत्रिकी किंवा रासायनिक अभियांत्रिकीचा विद्यार्थी ते क्वचितच उघडतो. साखर म्हणजे कोणाच्या तरी स्वतंत्र पदविकेचा विषय, अशी समजूत रूढ झाल्याचा हा परिणाम होय.

आता आरंभीच्या उदाहरणाकडे वळू. रसाचे १०० टन घेतले आणि ब्रिक्स १५ वरून ६० वर नेला, तर पाक २५ टन उरतो आणि पाणी ७५ टन उडते. नळ्यांवर थर चढला, गुणांक उतरला आणि गाळप मात्र तेवढेच ठेवले, तर पाक पातळ येऊ लागतो. तो ५२ ब्रिक्सवर आला असे समजल्यास पाकाचे वजन सुमारे २८.८ टन होते. म्हणजे जे ३.८ टन पाणी इव्हॅपोरेटरमध्ये उडावयास हवे होते ते आता पॅनमध्ये उडवावे लागते. चार भांड्यांच्या मालिकेत एक टन वाफ ढोबळमानाने चार टन पाणी उडविते. पॅन हे एकच भांडे, तेथे टनास टन वाफ लागते. रोज ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात रसाचे वजन उसाइतकेच धरले, तर हे जादा पाणी दिवसाला १९० टनांच्या घरात जाते. तेवढी वाफ निर्माण करण्यास बगॅस जाळावे लागते, आणि जेथे सहवीजनिर्मिती आहे तेथे तेच बगॅस विकावयाच्या विजेचे इंधन असते. पॅनला ताजी वाफ न देता पहिल्या किंवा दुसऱ्या भांड्यातून काढलेली वाफ दिली, तर हा सारा हिशेब बदलतो. तो कसा बदलतो हे विद्यार्थ्याने स्वतः मांडून पाहण्यासारखे आहे.

एवढे गणित विद्यापीठातील अध्यापकही देऊ शकेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु चीफ इंजिनिअर वर्गात आला म्हणजे गणिताचा शेवट बदलतो. भांडी धुण्यासाठी गाळप किती तास थांबते. त्या वेळी गव्हाणीपुढे उसाच्या गाड्या किती उभ्या असतात. शेवटच्या भांड्यातील सिलिकाचा थर कॉस्टिकने उकळूनही का सुटत नाही. पहिल्या भांड्यांतील थर निराळा का. सल्फिटेशनमध्ये चुना व गंधकाचा धूर ह्यांचे प्रमाण एका पाळीत चुकले तर त्याची किंमत आठ दिवसांनी इव्हॅपोरेटर कशी वसूल करतो, ह्या गोष्टी त्याच्या नोंदवहीत असतात. मग विद्यार्थ्यापुढील प्रश्न असा होतो : ह्या नोंदवहीतील आकड्यांवरून गुणांकाच्या घसरणीचा वक्र काढा आणि धुण्याचा दिवस ठरवा. ह्या प्रश्नात उष्णता-संक्रमण आहे, रसायन आहे, अर्थशास्त्र आहे. पाठ्यक्रमातील तीन निराळ्या विषयांच्या भिंती त्यात आपोआप पडतात. आणि उत्तर एकच नसते. ऊस मुबलक असलेल्या वर्षी एक दिवस योग्य ठरतो, दुष्काळात, जेव्हा हंगाम तसाही आखडता असतो, तेव्हा दुसरा. सोलापूर जिल्ह्यात दोन्ही प्रकारची वर्षे येतात.

साखरेच्या हिशेबात विद्यार्थ्याला शिकविण्याजोगा दुसरा एक रकाना आहे. उसातील एकूण साखर आणि पोत्यात भरलेली साखर ह्यांतील फरक प्रत्येक कारखाना चार वाटांनी दाखवितो : बगॅसमधून गेलेली, प्रेसमडमधून गेलेली, मळीतून गेलेली आणि चौथी, जिचा पत्ता लागत नाही ती. उदाहरणादाखल उसात १३ टक्के साखर आणि उतारा ११ टक्के धरला, तर उरलेले २ टक्के असे वाटले जातील : मळीत १.२, बगॅसमध्ये ०.६, प्रेसमडमध्ये ०.१ आणि अज्ञात ०.१. ह्या शेवटच्या आकड्याला कारखान्यात ‘अननोन लॉस’ म्हणतात. त्यात आम्लतेमुळे रसात साखरेचे झालेले विघटन असते, पॅनच्या निर्वातातून पाण्याबरोबर निसटलेले थेंब असतात, गळती असते. पण त्याबरोबरच रसाच्या वजनकाट्याची चूक, नमुना घेण्यातील चूक आणि प्रयोगशाळेची चूक हीही त्याच रकान्यात जमा होतात. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात तेव्हा हा आकडा फार देखणा दिसतो. मापनशास्त्र आणि त्रुटींचे विश्लेषण हे प्रकरण पदवीच्या विद्यार्थ्यास नेहमी निर्जीव वाटते; अनुभवी चीफ केमिस्टने ह्या एका रकान्याची तीन हंगामांची नोंद पुढे ठेवली तर ते तसे वाटावयाचे कारण उरत नाही. ‘ह्यांपैकी कोणत्या वर्षाच्या आकड्यावर विश्वास ठेवावा आणि का?’ हा प्रश्न क्रमिक पुस्तक विचारू शकत नाही.

मळीच्या रकान्याची कथा आणखी बोधक आहे. साखरतंत्राची जुनी पुस्तके मळीतील साखर ही हानी मानतात आणि अखेरच्या मळीची शुद्धता तिसाच्या आसपास किंवा त्याहून खाली कशी आणावी ह्याची दीर्घ चर्चा करतात. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळीपासून व उसाच्या रसापासून इथेनॉल करण्याची वाट मोकळी केली, आणि ज्याला हानी म्हणत होते ते एकाएकी दुसऱ्या विभागाचा कच्चा माल झाले. तिसऱ्या उकळीतून साखर काढावी की ती मळीतच राहू द्यावी, हा प्रश्न आता तांत्रिक कमी आणि भावांचा अधिक आहे. त्यातही डिसेंबर २०२३ मध्ये रसाच्या वापरावर केंद्र सरकारने निर्बंध घातले व पुढील हंगामासाठी ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठविले. विद्यापीठाच्या पाठ्यक्रमाची पुनर्रचना तीन-चार वर्षांनी होते. एका हंगामात दोनदा बदलणाऱ्या परिस्थितीचा पाठलाग तिने करावा अशी अपेक्षाही चुकीची ठरेल. पाठ्यक्रमाने द्रव्य-संतुलनाची तत्त्वे शिकवावी आणि त्या वर्षाची परिस्थिती तज्ज्ञाने घेऊन यावी, अशी विभागणी दोघांच्याही स्वभावास धरून आहे.

तज्ज्ञ कोणाला म्हणावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पॅन उकळण्याचे काम पाहावे. निर्वातात ६५ ते ७० अंश तापमानाला पाक आटविला जातो आणि त्यात स्फटिक वाढविला जातो. अतिसंपृक्ततेचा गुणांक १ आणि साधारण १.२ ह्यांच्या दरम्यान असला तर असलेले दाणे वाढतात, नवे जन्मत नाहीत, तो १.३ च्या पुढे गेला तर सर्वत्र नवे बारीक दाणे पडतात, त्यांना खोटा दाणा म्हणतात, आणि मग सेंट्रिफ्यूगलच्या जाळीतून मळी नीट सुटत नाही. रासायनिक अभियांत्रिकीचा विद्यार्थी केंद्रकजननाचा सिद्धान्त लिहून दाखवितो. पॅनमन प्रूफ-स्टिकने नमुना काढतो, काचेवर घेऊन दिव्याकडे धरतो, अंगठा व बोट ह्यांत तार काढून पाहतो आणि पाणी घ्या किंवा पाक सोडा असे सांगतो. घरोघरी एकतारी व दोनतारी पाकाची जी परीक्षा होते तिचेच हे पोट भरण्याच्या धंद्यात उतरलेले रूप आहे. दोघेही एकाच मर्यादेविषयी बोलत असतात. त्यांची भाषा मात्र एकमेकांना कळत नाही.

ही भाषा जुळविण्याचा एक सरळ मार्ग आहे. पॅन चालू असता विद्यार्थ्याने दर दहा मिनिटांनी रिफ्रॅक्टोमीटर, तापमान व विद्युत्वाहकता ह्यांची नोंद घ्यावी. पॅनमनने आपला निर्णय ज्या क्षणी सांगितला तो क्षणही त्याच तक्त्यावर मांडावा. आणि रात्री अध्यापकाने व विद्यार्थ्यांनी बसून पाहावे की, अंगठ्याने दिलेला कौल आलेखावर कोठे पडतो. काही वेळा उपकरण आधी सांगते, काही वेळा माणूस. उसातील डेक्स्ट्रान वाढले की पाक चिकट होतो आणि दाणा लांबट येतो. उपकरणाला ब्रिक्स तोच दिसतो, पण पॅनमनच्या बोटांना फरक कळतो. असे का होते ह्याचे उत्तर देणे हे विद्यापीठाचे काम आहे, पॅनमनचे नव्हे. आणि ह्या कामाला घाई आहे. सतत चालणारे पॅन आणि संगणकीय नियंत्रणकक्ष आले तसे पॅनमनचे काम पडद्यावरील आकड्यांकडे सरकले; जुने पॅनमन निवृत्त होत आहेत, आणि त्यांनी जे जाणले ते कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही.

ह्या संदर्भात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ह्या पदाच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे पाहिले पाहिजे. आपल्या व्यवसायात किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञास औपचारिक शैक्षणिक पात्रतेची व शोधनिबंधांची अट न घालता नेमता येते. अशा व्यक्तींची संख्या मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. नेमणूक प्रथम एक वर्षाची, साधारणतः तीन वर्षांपर्यंत आणि अपवाद म्हणून चौथ्या वर्षापर्यंत. वेतन उद्योगाने द्यावे, संस्थेने द्यावे किंवा सेवा मानद असावी. पाठ्यक्रमाच्या आखणीत सहभाग हे ह्या पदाच्या कर्तव्यांपैकी एक मानले आहे, ही त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. समारंभी पाहुण्यास अध्यापक करण्याची सोय कायद्याच्या भाषेत तरी झाली. मात्र अनुभव ‘शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा’ असावा, असे तीत म्हटले आहे. पंधरा हंगाम पॅनवर उभा राहिलेला माणूस ह्या शब्दांत बसविणे कठीण आहे. कार्यकारी संचालक सहज बसतो, आणि तारेची परीक्षा त्याने बहुधा कधी केलेली नसते. तेव्हा नेमणूक चीफ केमिस्टची व्हावी आणि त्याने आपल्याबरोबर पॅनमनला आणावे, किंवा विद्यार्थ्यांना पॅनमनकडे न्यावे, हा व्यवहार्य मार्ग दिसतो. असा वर्ग मराठीत चालेल हे उघड आहे. कारखान्याची बोली मराठीच आहे, मग तीत पॅन, मॅसेक्यूट आणि प्रेसमड हे शब्द कितीही असोत. त्या बोलीला इंग्रजी व्याख्यानाचा अंगरखा चढविण्याचा आग्रह धरला तर बोलणाराच गप्प होईल.

उद्योगतज्ज्ञ यंत्रघराच्या चार भिंतींतच असतो असेही नाही. ऊस तोडल्यापासून गव्हाणीत पडेपर्यंत जितका वेळ जातो तितकी त्यातील साखर घटते, आणि जे डेक्स्ट्रान पॅनमध्ये अडचण करते ते ह्याच काळात जिवाणू तयार करतात. म्हणजे पॅनवरील दाण्याचा आकार हा काही अंशी ऊसतोडणीच्या वेळापत्रकाचा परिणाम असतो. कोणत्या गटाला कोणत्या दिवशी तोड द्यावयाची, किती टोळ्या कोठे पाठवावयाच्या, गाड्यांची रांग किती लांबू द्यावयाची, हा प्रचालन-संशोधनातील उत्तम प्रश्न आहे आणि त्याचा जाणकार शेती विभागात असतो. रांगांचा सिद्धान्त शिकविणाऱ्या अध्यापकाने रेल्वेच्या तिकीट-खिडकीचे उदाहरण घेण्याऐवजी ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग घेतली, तर माळशिरस-पंढरपूरकडच्या विद्यार्थ्यास ती पाहण्यासाठी कल्पनाशक्तीची गरज पडणार नाही. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरचा ऊस त्या रांगेत उभा असतो.

तज्ज्ञाच्या अध्यापनाचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. पहिला असा की, तो आपल्या कारखान्यातील रीत हीच निसर्गाचा नियम समजण्याचा संभव असतो. महाराष्ट्रात दुहेरी सल्फिटेशन फार रूढ. म्हणून रस शुद्ध करण्याचा तोच मार्ग, असे विद्यार्थ्याने मानू नये. दुसरा दोष हा की, कारखान्याचा नोकर कारखान्याच्या चुका उघडपणे सांगू शकत नाही. सहकारी कारखान्यात उतारा आणि उसाचा भाव ह्यांचा थेट संबंध असल्याने तर आकडा हा नुसता आकडा राहत नाही, त्याला सभासदांच्या सभेचे वजन येते. म्हणून जुन्या हंगामांच्या, नाव काढून टाकलेल्या नोंदी वापरण्याचा करार आधीच व्हावा. हे दोन्ही दोष निवारण्यास वर्गात विद्यापीठाचा अध्यापक तज्ज्ञाच्या शेजारी असणे अगत्याचे ठरते. ‘असे का?’ हे विचारण्याचे काम त्याचे. तो तास मोकळा मिळाला म्हणून कार्यालयात जाऊन बसला, तर योजना तेथेच संपली असे समजावे.

तिसरा धोका तज्ज्ञाकडून नाही, संस्थांकडून आहे. तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनावर अध्यापन चालविण्याची सवय महाराष्ट्रातील उच्च शिक्षणास लागलेली आहे. उद्योगतज्ज्ञांच्या नावाने रिक्त जागा भरल्यासारख्या दाखविण्याचा मोह ह्यातून होऊ शकतो. आयोगाच्या तत्त्वांत ही पदे मंजूर पदांच्या व्यतिरिक्त आहेत असे नमूद केले आहे. ते वाक्य विभागप्रमुखांनी पाठ करून ठेवण्याजोगे आहे. ज्या विभागात नियमित अध्यापकच पुरेसे नाहीत तेथे तज्ज्ञाच्या शेजारी बसावयाला कोण असणार, हा प्रश्न उरतोच.

कालमानाचा विचार बहुधा कोणी करीत नाही, आणि योजना बहुतेक वेळा तेथेच मोडते. गाळप साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते व मार्च-एप्रिलात संपते. ह्या काळात चीफ इंजिनिअरला रात्रीची झोपही निश्चित नसते. त्याने दर मंगळवारी सकाळी वर्ग घ्यावा ही अपेक्षा व्यर्थ होय. पावसाळ्यात तो तुलनेने मोकळा असतो, आणि त्या वेळी कारखाना बंद असल्याने विद्यार्थ्यांना नेऊन दाखविण्यासारखे काही नाही असे मानले जाते. ही समजूत चुकीची आहे. दुरुस्तीच्या काळात मिलचे रोलर उतरविलेले असतात, टर्बाइनचे आवरण काढलेले असते, इव्हॅपोरेटरच्या नळ्या आतून पाहता येतात, झिजलेला भाग हातात घेता येतो. चालू यंत्र आवाज करते. उघडे यंत्र आपली रचना दाखविते. एका अभ्यासक्रमाचे दोन भाग ह्यावरून सहज पडतात. जुलै ते सप्टेंबर ह्या काळात तज्ज्ञाने महाविद्यालयात येऊन आठ-दहा तास घ्यावे आणि विद्यार्थ्यांनी उघडी यंत्रे पाहून मापे घ्यावी. मग जानेवारीत त्यांनी अध्यापकासह तीन आठवडे कारखान्याच्या आवारात राहून तीन पाळ्यांत नोंदी घ्याव्या. ज्या नळीचा स्वच्छ पृष्ठभाग ऑगस्टमध्ये पाहिला तिच्यावरील थराचा परिणाम जानेवारीत मोजावयाचा असा हा क्रम आहे. विद्यापीठाच्या सत्र-परीक्षा जानेवारीच्या त्या आठवड्यांत येऊ नयेत एवढी व्यवस्था मात्र परीक्षा विभागाला करावी लागेल, आणि अनुभवी मंडळींच्या मते तीच सर्वांत अवघड.

राहता राहिले मूल्यमापन. तज्ज्ञाने प्रश्नपत्रिकेचा एक तृतीयांश भाग काढावा व तोच तपासावा, उरलेला अध्यापकाचा. जानेवारीच्या नोंदींवरील तोंडी परीक्षा दोघांनी मिळून घ्यावी. ह्या परीक्षेत विद्यार्थ्याच्या हाती कारखान्याच्या नोंदवहीचे एक पान द्यावे. पाळी, वेळ, रसाचा ब्रिक्स, पाकाचा ब्रिक्स, वाफेचा दाब, शेवटच्या भांड्यातील निर्वात, असे सात-आठ रकाने आणि चोवीस तासांच्या चोवीस ओळी. दुपारी दोन नंतर पाकाचा ब्रिक्स उतरत गेला आहे, निर्वात मात्र स्थिर आहे, आणि रात्री आठला सर्व पूर्ववत झाले आहे. काय घडले असावे, ते आणखी कोणत्या रकान्यावरून पडताळता येईल, आणि पाळीवरील अभियंत्याने तीन वाजता काय करावयास हवे होते, एवढेच विचारावे.